कोणत्या ट्रेत ठेवू?

मेश्राम मामा हातात येईल ते माझ्यासमोर धरत आणि विचारत, "सर, हे जितं हाय का मेलं? मले समजत नाही, कागदावर लेहलं हाय." कधी डब्यातलं दही, कधी भिंतीवरचं वाळलेलं शेवाळ. एकदा तर जेवणानंतर खुर्चीत पेंगणाऱ्या हेडसरांकडे बोट दाखवून, "यायले कोणत्या ट्रेत ठेवू?" शिक्षकखोली हसे. मीही हसे. तो कागद कसा झाला, हे मात्र मी कधी सांगितलं नाही.

नेरच्या आमच्या शाळेत मामा प्रयोगशाळेचे परिचर, मी विज्ञानाचा शिक्षक. तपासणीसाठी टेबलावर दोन ट्रे मांडले होते, सजीव आणि निर्जीव. मामांनी तुरीचे दाणे सजीवांत ठेवले. मी ते उचलून निर्जीवांत टाकले. हलत नाहीत, वाढत नाहीत, पुस्तकातलं एक लक्षण दाखवा, असं वर सुनावलं. मामा म्हणाले, त्यांचा बाप पेरणीआधी असेच शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवी आणि चौथ्या दिवशी कोंब मोजी. "निजलेल्याले मेला म्हनत नाही सर."

तपासणीला आलेल्या साहेबांनी नेमका निर्जीवांचाच ट्रे उचलला. हे दाणे यात कोणी ठेवले, विचारलं.

मी म्हणालो, "परिचराने."

मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते फडक्याने टेबल पुसत राहिले. आठवड्याभरात त्यांच्या सेवापुस्तकात शेरा पडला: सजीव-निर्जीव यांतील फरक समजत नाही. बावीस वर्षं कमरेला असलेली प्रयोगशाळेची किल्ली गेली. मामा गेटवर स्टूल टाकून बसू लागले.

त्या स्टुलावरून त्यांनी माझी एकेक व्याख्या मोडली. वाढतं ते सजीव म्हटलं, तर चुलीतला जाळ पुढे केला. खातो, वाढतो, शेजारच्या कडब्याच्या गंजीत पिल्लूही टाकतो. पिल्लं होतात ते सजीव म्हटलं, तर म्हणाले, "खेचराले होत नाही. मंग ते काय टेबल हाय?" शेवटी मी विषाणूची गोष्ट कबूल केली: त्याला कुठे बसवायचं यावर मोठमोठ्या शास्त्रज्ञांचंही एकमत नाही. मामा खूश झाले. "मंग त्या शास्त्रज्ञायलेही गेटवर पाठवा. स्टूल मोठा हाय."

तपासणीचे ते दाणे त्यांनी गेटमागे पेरले होते. थंडीत मला बोलावून दाखवलं, "सर, तुमचं निर्जीव फुलावर आलं." तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी फूल छान आहे म्हणालो.

मामा निवृत्त झाले ते शेऱ्यासकट. मागच्या वर्षी वारले. तेराव्या दिवशी मी कार्यालयात अर्ज नेला: चूक माझी होती, शेरा काढावा. बाबूने तो दोनदा वाचून परत सरकवला. असा अर्ज कर्मचाऱ्याने स्वतः करायचा असतो, आणि त्यासाठी तो हयात लागतो.

"ते जिते होते तवा काहून नाही आले सर?" त्याने सहज विचारलं.

उद्या आठवीला सजीव-निर्जीवांचाच धडा आहे. हालचाल हे सजीवाचं पहिलं लक्षण, असं मला फळ्यावर लिहायचं आहे.