वारुळाच्या जागेवरची शेड

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या भाजीबाजारात धिंगरी मशरूमची पाकिटं उतरवत होतो. दादा एवढंच म्हणाला, "ये आता." व्यापारी विचारत होता, उद्या किती आणणार, आणि मी त्याला नीट उत्तरही दिलं... माणसाला कशाचं भान राहतं आणि कशाचं नाही, कोण जाणे.

वहिनी रेणापूरजवळच्या आमच्या घरात आली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. ती आल्यावर वर्षभरातच आई गेली. मला न्हाऊ-खाऊ तिनंच घातलं, तरी शेवटपर्यंत "भाऊजी" म्हणायची. आषाढ-श्रावणात ढग उतरून उकाडा झाला की ती टोपली घेऊन बांधावरच्या वारुळाकडं निघायची, मी मागं मागं. वारुळाच्या अंगाला पांढऱ्या अळंब्या फुटलेल्या असत. लसूण-तिखटात परतल्या की वास पार अंगणात यायचा. त्यानं अंगात रक्त भरतं, बाळंतिणीला ताकद येते, असं ती ठासून सांगायची. पण दुसऱ्या बांधावरची एकही तोडायची नाही. म्हणायची, मला अळंबी वळखू येत न्हाई, जागा वळखू येती. सासूनं हीच दाखविली. विषारी आणि चांगली यांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही, हे मला पुढं मशरूम-शेतीच्या प्रशिक्षणात शिकवलं. तिला ते आधीच ठाऊक होतं.

त्या प्रशिक्षणानं मला मात्र शिंगं फुटली. सोयाबीनच्या भुशावर, पिशव्यांत धिंगरी घ्यायची म्हणून शेडचं खूळ डोक्यात शिरलं. रानातलीला चव जास्त असेल, पण ती जमिनीतलं बरंवाईट सगळं ओढून घेते. शेडातली स्वच्छ, प्रथिनं भरपूर, उन्हात ठेवली तर ड जीवनसत्त्वसुद्धा... मी तिला भाषणं द्यायचो. प्रशिक्षणातून आणलेला झुबका तिनं हुंगला आणि म्हणाली, "समदं आसंल भाऊजी, पण वास न्हाई." मला भयंकर राग आला. शेडला रस्त्यालगतची जागा हवी होती आणि तिथंच ते वारूळ. वहिनी माहेरी कंधारला गेली तेव्हा मी ते जेसीबीनं काढून टाकलं. परतल्यावर तिला सांगितलं, ड्रायव्हरच्या चुकीनं झालं. नागपंचमीला शेडच्या कोपऱ्यात, फरशीवर, तिनं लाह्या ठेवल्या आणि दूध शिंपडलं. पुढं दरवर्षी ठेवत राहिली.

मग तिचा आजार. पोटातला, उशिरा कळलेला. अन्न जाईना. यंदा आषाढात एकदा म्हणाली, वारुळावरची अळंबी खाल्ली असती तर उठून बसले असते. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, रानातली काय नि शेडातली काय, या दुखण्यावर कशाचाच उपयोग नाही. आवडतं ते द्या, पण रानातलं अनोळखी काही देऊ नका. मला तरी कुठं मिळणार होती? जागा ओळखणारी ती, आणि ती जागा मी मोडलेली.

शेडातली कोवळी धिंगरी तोडली, लसूण-तिखटात परतली. तिला सांगितलं, मित्राच्या बांधावरच्या वारुळावरची आहे. तिनं दोन घास खाल्ले. बराच वेळ चावत होती...

"हाव," म्हणाली. "तीच हाय. तोच वास."

औषधांनी तिची चव गेली होती, की माझी लाज राखायला ती खोटं बोलली? ड्रायव्हरची चूक नव्हती, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. अगदी ओठावर आलं होतं. मी पाण्याचा पेला पुढं केला. चौथ्या दिवशी ती गेली.

यंदा घरात सण नाही. तरी नागपंचमीला मी लाह्या घेऊन शेडात गेलो. सकाळीच पिशव्यांवर पाणी मारलेलं, कोपऱ्यातली फरशी ओली होती. लाह्या ठेवल्या. "वहिनी, वारूळ मीच मोडलं," असं मोठ्यानं म्हणालो. वर पिशव्या लोंबत होत्या, झुबक्यांनी भरलेल्या. एक झुबका तोडून हुंगला. वास नाही. संध्याकाळपर्यंत लाह्यांचा लगदा झाला होता. खराट्यानं गोळा केला आणि बाहेर टाकून दिला.