टेबलावर नको, खाली ठेव

"पाय काढून दाखव," साहेब म्हणाला.

मी म्हणालो, "साहेब, डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडलंय."

"सर्टिफिकेट कोणीही आणतं. काढ."

परभणीतलं माजी सैनिकांचं ऑफिस. दुपारची वेळ. खोलीत साहेब, त्याचा क्लार्क, आणि भिंतीकडच्या बाकावर पाच-सहा माणसं. माझी बायको शोभा दाराशी उभी. कागदांची पिशवी तिच्याकडं. मीही उभाच होतो. बसा असं कोणी म्हणालं नव्हतं. एका हातानं टेबलाची कड धरली, पँट गुडघ्यावर ओढली, पट्टे सोडले. नकली पाय निघाला, बुटासकट. तो मी टेबलावर ठेवला. एका पायावर उभ्या माणसाला खाली वाकता येत नाही.

साहेबानं आपले कागद मागं ओढले.

"टेबलावर नको. खाली ठेव."

बाकावरचं कोणीतरी हसलं. मी वाकलो. तोल गेला. शोभानं पिशवी टाकली आणि पळत येऊन मला धरलं. पाय फरशीवर आडवा पडला.

साहेबानं गुडघ्याखाली उरलं होतं तेवढं बघितलं. "हं," म्हणाला. मग क्लार्ककडं वळून, "मेडिकलचा कागद जुना आहे. त्रुटी काढा." मला म्हणाला, "नवीन घेऊन ये. अपंगत्व अजून आहे का, ते बघावं लागतं."

कापलेला पाय परत फुटला का, हे त्याला बघायचं होतं.

आणि मी म्हणालो, "जी साब."

पाय काढला याची मला आज तेवढी लाज वाटत नाही. त्या 'जी साब'ची वाटते.

मी चुडाव्याजवळच्या गावातला. बौद्ध वस्तीतला. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मजुरी करायचे. गावातल्या मोठ्या घरी कामाला गेले की चहा मिळायचा, पण कप हातात नाही. खाली ठेवायचे. आबांनी तो उचलायचा, प्यायचा, स्वतः धुऊन परत खालीच ठेवायचा. मी दहावी झालो तेव्हा आबा म्हणाले, "फौजंत जा. वर्दीला कुणी अरे-तुरे करत न्हाई."

भरतीत मी पळालो ते त्यांच्या त्या वाक्यासाठी.

खोटं सांगणार नाही, फौजेतही आडनाव विचारणारे भेटले. पण बर्फात एकाच दोरीला बांधलेली माणसं आडनाव विचारत नाहीत. बारा वर्षं मी ताठ मानेनं जगलो. माझं काम टेलिफोनच्या तारेचं. उंचावरच्या चौकीत होतो. एका सकाळी तार तुटली, खालच्या चौकीशी बोलणं बंद झालं. सुभेदारसाहेब म्हणाले, "जा, देख के आ." तोंडी हुकूम. तिथं लेखी कोण देतो? गेलो. तार जोडली. परत येताना कडा सुटला आणि दगड पायावर आला. मिलिटरीच्या दवाखान्यात डावा पाय गुडघ्याखाली कापला.

घरी पाठवताना ढीगभर कागद समोर ठेवले. सगळे इंग्रजीत. कुठं सही करायची तेवढं बोटानं दाखवलं. अपंगत्वाच्या पेन्शनचा अर्ज केला. मंजूर होईल म्हणाले, वेळ लागेल.

आठ वर्षं लागली, आणि मंजुरी नाहीच. चुडाव्याहून पॅसेंजरनं परभणी, ऑफिस, परत पॅसेंजर. एकदा सही जुळत नाही. एकदा नावात काना कमी. एकदा साईट बंद. एकदा साहेब रजेवर. मी बियाणांच्या एका गोदामावर वॉचमन झालो. शोभा अंगणवाडीत मदतनीस. प्रत्येक खेपेला मी म्हणायचो, सरकारी काम आहे, थांबावं लागतं. फौजेनं मला थांबायला शिकवलं होतं. हुकूम मानायलाही. पण हुकूम कोणाचा मानायचा, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवशी परत येताना आम्ही पॅसेंजरमधे बसलो. पिंगळी स्टेशन आलं तेव्हा शोभा म्हणाली, "त्यानं पँट काढ म्हणला असता तर?"

मी पायाचे पट्टे नीट करत बसलो.

"काढली असती ना तुमी?"

"सायेब हाय तो."

"मी उभी व्हते तिथं," ती म्हणाली. "तुमच्या पायाला त्यानं खाली ठेव म्हणलं आन् तुमी ठिवला. आबा कप ठेवायचे तसा."

गावात पाहुणे यायचे तेव्हा मी आबांच्या कपाची गोष्ट हसून सांगायचो, जुन्या काळची म्हणून.

पुढच्या खेपेला नवीन सर्टिफिकेट नेलं. साहेबानं ते उलटून बघितलं.

"पाय दाखव."

"लेखी द्या, साहेब."

"काय?"

"पाय काढून दाखवावा, असा आदेश लेखी द्या. खाली तुमचं नाव, हुद्दा, सही. लगेच काढतो."

क्लार्कची मान खाली गेली. साहेब लाल झाला. "तुम्हा लोकांना लगेच कायदा सुचतो."

"हो साहेब. आम्हाला कायद्याशिवाय कोणी काय दिलंय?"

मी दोन्ही हात टेबलावर ठेवले, त्याच्या कागदांवर. त्यानं कागद ओढले नाहीत.

त्याच दिवशी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. माझी फाईल कुठं आहे? उत्तर आलं नाही. अपील केलं. मग फाईल बघायला बोलावलं. क्लार्कनं ती माझ्यासमोर कपाटातून काढली. आठ वर्षांत ती फाईल त्या खोलीबाहेर गेलीच नव्हती.

शोभानं ओळखीच्या एका मास्तरांना सोबत आणलं होतं. त्यांनी इंग्रजी कागद वाचून दाखवले. अपघाताच्या अहवालात लिहिलं होतं, जवान कोणाच्याही हुकमाशिवाय चौकीबाहेर गेला, स्वतःच्या हलगर्जीपणामुळे जखमी झाला. खाली माझी सही. बोटानं दाखवली होती तिथंच.

मास्तरांना मी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं.

जुन्या जोडीदारांकडून सुभेदारसाहेबांचा नंबर मिळवला. ते आता त्यांच्या गावी, म्हातारे. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मैंने ही भेजा था. तब चुप रहा. नौकरी थी." मी विचारलं, आता? म्हणाले, "अब लिख के दूँगा." पंधरा दिवसांत त्यांचं प्रतिज्ञापत्र टपालानं आलं.

मी वर तक्रार केली, फाईल आठ वर्षं का दाबली म्हणून. आठवड्यात साहेबाचा फोन. "जरा येऊन जा."

या वेळी खुर्ची होती. चहा होता. "बसा," साहेब म्हणाला. बसा! "हे बघा, वर माझी ओळख आहे. तुम्ही एवढंच लिहून द्या, अपघात माझ्या चुकीनं झाला, माझी कोणाबद्दल तक्रार नाही. सहानुभूतीनं काहीतरी मदत मिळवून देतो. महिन्याच्या आत."

कागद टाईप करून तयार होता.

मी तो घरी आणला. खरं सांगतो, दोन दिवस माझं मन सहीकडंच होतं. आबा खाटेवरून म्हणाले, "कर सही. मोठ्यांच्या नादी लागू नगं. आपला जलम त्यांच्याशी भांडण्यात जायचा न्हाई." पत्रे गळत होते. उरलेला पाय सुजायचा, नवीन नकली पाय हवा होता. मी शोभाला विचारलं, "काय करू?"

"पाय तुमचा हाय," ती म्हणाली. "तुमची चूक व्हती का?"

"न्हाई."

"मग?"

त्या चौकीवर आम्ही नऊ जण होतो. तार मी जोडली नसती, तर नऊ जणांचा जगाशी संबंध तुटलेला. मी सही केली असती, तर तो हुकूम, ते काम, ती सकाळ, सगळं खोटं ठरलं असतं. आणि ते मीच खोटं ठरवलं असतं.

तिसऱ्या दिवशी कागद परत नेऊन दिला. "सही न्हाई साहेब," म्हणालो. "तुमच्या बोलीत सांगू? त्रुटी आहे. मजकूर खोटा आहे." चहा आणायला निघालेल्या शिपायाला मी थांबवलं.

आता वकिलामार्फत मुंबईत सैनिकांच्या न्यायाधिकरणात माझी केस आहे. चार तारखा झाल्या. दोनदा सरकारी वकील आले नाहीत, एकदा कागद पोहोचले नाहीत. पिंगळीची एक विधवा बाई माझ्याकडं आली. तिचा नवरा पेन्शनची वाट बघत वारला. तिचे कागद मी मास्तरांकडून वाचून घेतो, अर्ज शोभा लिहिते. आणखी तिघं येतात. मी त्यांना पहिली गोष्ट सांगतो, की न वाचता सही करायची नाही. समोर कोणीही असो.

आबा माझ्याशी नीट बोलत नाहीत. पत्रे अजून गळतात.

निकाल काय लागेल, माहीत नाही. वकील म्हणाले, अजून वर्षं लागतील, मधे तडजोड करायची असेल तर सांगा. मी म्हणालो, मला दयेची मदत नको. हुकूम होता, मी कामावर होतो, हे त्यांनी त्यांच्या कागदावर लिहायचं. त्याच्या खाली मी येणार नाही.

"आणि मधेच तुम्हाला काही झालं तर?" वकिलांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत शोभानं त्यांच्या टेबलावरचा पेन उचलला. "माझं नाव लावून घ्या," ती म्हणाली. "मी लढन."