फरारपूरचे पोस्टमास्तर

वामनराव टेंभेकर पत्र कधी नुसतं देत नसत. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांची माणसं खिडकीसमोर जमली की ते चष्मा कपाळावर सरकवायचे, लिफाफा उलटसुलट करायचे आणि तो कुठून आला, कोणी धाडला, आत काय असेल, हे सगळं मोठ्यानं सांगून मगच बाहेर सरकवायचे. लोक हसत. ज्याचं पत्र असे तो मान खाली घालून निघून जाई. मी त्यांच्या हाताखालचा कारकून. मीही हसायचो.

आमचं गाव कोणतं ते सांगत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं, एवढं पुरे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मास्तर होते पुण्याकडचे. आमच्या बोलीची त्यांना शिसारी. कोणी 'मले' म्हणालं की म्हणायचे, "आधी बोलायला शिका, मग तिकीट मागा." साहेब लोकांपुढे मात्र हाच माणूस कमरेत असा वाकायचा की पाहणाऱ्याला लाज वाटावी.

त्या काळी जहाल पक्षाच्या काही मंडळींवर वॉरंट निघालं की ती फ्रेंचांच्या राज्यात, पाँडिचेरीला, आसरा घेत. मास्तरांनी त्या शहराचं नाव ठेवलं 'फरारपूर'. तहसिलीतल्या अंमलदारांना ते फार आवडलं. गावातल्या एका वकिलांनी मात्र खिडकीशी येऊन सुनावलं की देशासाठी घरदार सोडलेल्यांना फरारी म्हणायला जीभ कशी रेटते. गावात दोन तट पडले. वकिलांनी पोस्टाची पायरी चढणं सोडलं, आणि मास्तर खूश. "नाव असं ठेवावं की लोकांनी त्यावर भांडावं," असं ते आठवडाभर सांगत होते. आयुष्यात त्यांनी स्वतःहून केलेलं तेवढं एकच काम असावं.

लांबच्या उंद्री खेड्यातल्या पार्बताबाईंचा श्रीपत असाच गेला होता. चोरून पत्रकं वाटल्याचा आरोप होता. बाई विधवा, मुलगा एकुलता एक. दीड वर्षानं त्याचं पहिलं पत्र आलं. बाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून मास्तरांनी ते खिडकीतच वाचलं. घरझडतीत पत्र पोलिसांच्या हाती लागेल म्हणून श्रीपतनं आत गावाचं नाव लिहिलं नव्हतं. राहत्या घराच्या मालकाचं नाव दिलं होतं आणि लिहिलं होतं की गाव कोणतं ते पोस्टात विचार, लिफाफ्याच्या ठप्प्यावर असेल, मग लिफाफा जाळून टाक.

"मास्तर, कोनतं गाव हाये हो?" बाईंनी विचारलं.

"फरारपूर, बाई. सगळ्यांना ठाऊक आहे."

माणसं हसली. पोरगं सापडलं म्हणून लोक हसतायत असं बाईंना वाटलं, आणि त्याही हसल्या.

पुढच्या बाजाराला त्या दिराकडून पत्र लिहून घेऊन आल्या. पत्त्यात फरारपूर. प्रांताबाहेर जाणाऱ्या पत्राचा पत्ता मराठीत असला की कारकुनानं खाली इंग्रजीत लिहायचा, अशी आमच्याकडे पद्धत. मी टाक उचलला आणि मास्तरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "जसं आहे तसं उतरवा. लिफाफ्यावरचं अक्षर बदलायचा आपल्याला अधिकार नाही." हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी उतरवलं. नोकरी कच्ची होती, लग्न नुकतं झालं होतं, अशी कारणं माझ्याकडे पुष्कळ आहेत. खरं कारण एकच, मी भित्रा होतो.

पत्रं परत येऊ लागली. तांबड्या शाईत शेरा, असं गाव नाही. नियमानं ती बाईंना द्यायची. मास्तरांनी ती सुतळीनं बांधून खणात ठेवली, आणि तहसिलीतली मंडळी चहाला आली की ते पुडकं सोडून दाखवायचे.

तिकडून श्रीपत विचारत राहिला की तू उत्तर का देत नाहीस. मास्तर ती पत्रं एका सुरात वाचायचे, आवाज कधी अडखळला नाही. बाई म्हणायच्या, "म्या तं धाडून राह्यली. त्याले काऊन भेटत नाही?" चौथ्या पत्रात त्यानं लिहिलं, तुला माझं नावही नको असेल, तर हे शेवटचं.

त्या दिवशी मी स्वतः खरा पत्ता लिहून श्रीपतला पत्र टाकलं, आई वाट बघते म्हणून. महिन्याभरात ते परत आलं. त्यावर शेरा, जागा सोडून गेला, ठिकाण माहीत नाही. बाईंना हे सांगायचं धैर्य मला झालं नाही.

मास्तर पेन्शनीत निघाले तेव्हा निरोपसमारंभ झाला. हारतुरे झाले, एका अंमलदारानं भाषणात 'फरारपूर'चं कौतुक केलं, टाळ्या पडल्या. एवढ्यात पार्बताबाई पदराखालचा लिफाफा घेऊन पुढे आल्या.

"मास्तर, तुमी तं चालले. यावर गावाचं नाव तुमच्या हातानं लिहून द्या. माह्या दिराचं अक्षर खराब हाये, म्हणून पोचत नसंन."

मास्तरांनी टाक घेतला. क्षणभर, अगदी क्षणभर, मला वाटलं की हा माणूस आता माणसासारखं वागेल. त्यांनी अंमलदारांकडे एकदा पाहिलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, फरारपूर.

बाईंनी लिफाफा कपाळाला लावला आणि माझ्या हातात दिला. खरं नाव लिहूनही आता उपयोग नव्हता, हे तिथं मला एकट्याला माहीत होतं. बाई माझ्या हाताकडे बघत उभ्या होत्या. मी ठप्पा मारला.