ग्रॅमकाकांचं निव्वळ दुखणं

ट्रकच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला दुखण्याचा आकडा विचारायचा नसतो. पण तातडीच्या विभागात खिडकीमागे बसलेल्या सिस्टरला हे कोण सांगणार? तिने सकाळी सव्वानऊला रीतसर विचारलं, "एक ते दहामध्ये किती दुखतंय, काका?" आणि ग्रॅमकाका विचारात पडले.

ग्रॅमकाका हे नाव ड्रायव्हर लोकांनी ठेवलेलं. खडीचा, भंगाराचा, लाकडाचा, कसलाही ट्रक काट्यावर चढला की काका काचेच्या केबिनमधून खुणावायचे, खाली उतर. ड्रायव्हरचं वजन मालात कशाला? एकाने वैतागून विचारलं होतं, "मिशी पण काढून ठेवू का?" काकांनी मिशी नीट न्याहाळली. म्हणाले, "राहू दे. ती तुझ्याबरोबर खालीच असणार आहे." तोलायची रीत अशी: गाडी आधी भरलेली तोलायची, माल उतरवून मग रिकामी तोलायची. रिकामीचा आकडा भरलेलीतून वजा केला की उरतं ते निव्वळ वजन. काकांचा जन्म या एका वजाबाकीत गेला. मुलगी पाहायला आले तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, मुलगी कशी वाटली? तर यांनी विचारलं, "कशाच्या मानाने?" काकू हे अजून चारचौघांत सांगतात.

तर त्या दिवशी कामावर निघताना काका चप्पल घालायला वाकले ते तसेच राहिले. पोटात उजवीकडे, खालच्या अंगाला कळ. काकूंनी शेजाऱ्यांच्या गाडीत घालून आणलं, आणि आता खिडकीशी हे मोजमाप चाललेलं.

"चार," काका म्हणाले.

काकूंनी डोळे वटारले. "अहो, सरळ उभं राहता येत नाही तुम्हाला. आठ म्हणा."

"चार आहे तर आठ कसं म्हणू?"

"तोंडाने म्हणा."

तोवर सिस्टरने चार लिहून टोकन हातात ठेवलंसुद्धा.

तातडी काय ती दारावरच्या पाटीपुरती. आत खुर्च्या एकाच लोखंडी पट्टीला ठोकलेल्या, त्यामुळे या टोकाला कुणी खोकलं की त्या टोकाचा माणूस हलायचा. भिंतीवर लाल आकडे पेटलेले: थांबण्याचा अंदाजे वेळ, ४० मिनिटं. शेजारच्या खुर्चीत एक सुतार. अंगठ्यावर हातोडी बसलेली. रुमालात गुंडाळलेला अंगठा त्याने असा वर धरला होता, की येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, हा आपल्याला शाबासकी देतोय.

"किती सांगितलंत?" त्याने विचारलं.

"चार."

"चार?" सुताराने काकूंकडे पाहिलं. "काकू, अंथरूण आणलंय का बरोबर? मी दहा सांगितलं. बारा सांगणार होतो, पण सिस्टर म्हणाली दहाच्या पुढे नाहीत."

"आणि कधी आलात?"

"सातला."

काकांनी खिशातलं पेन काढलं आणि टोकनच्या पाठीवर लिहिलं: ९.१५, चार. साडेदहाला पोट धरून उठले, खिडकीशी गेले. "सिस्टर, दुरुस्ती आहे. पाच झालं."

"बरं काका. बसा."

बाराला पुन्हा. "साडेपाच."

"काका, अर्ध्याला फॉर्मवर जागा नाही."

"मग पाचच राहू दे. वाढवून नको. आणि ती पाटी अडकलीय तुमची. सव्वानऊला चाळीस, आताही चाळीस."

"ती अंदाजे आहे."

"अंदाज तरी हलायला नको का?"

परत येऊन बसले तेव्हा कपाळावर घाम होता. काकूंनी पदराने पुसला आणि आवाज खाली आणला. "खरं सांगा. एवढंच दुखतंय?"

"एकूण विचारशील तर नऊ भरतं."

"नऊ?"

"पण त्यात गुडघ्याचे दोन आणि कमरेचा दीड आहे. ते जुने. ते काय या पोटाने आणलेत? ती रिकामी गाडी झाली. वजा करायला नको?"

सुतार इतका हसला की अंगठा खुर्चीवर आपटला, आणि मग त्याचे खरोखरचे दहा झाले. काकू काही हसल्या नाहीत. तरातरा खिडकीशी गेल्या. "सिस्टर, नऊ लिहा."

सिस्टरने मान लांब करून काकांना विचारलं, "नऊ का हो काका?"

"निव्वळ साडेपाच," काका खुर्चीतून म्हणाले.

"पेशंट सांगेल तेच लिहावं लागतं, मावशी."

"तेवीस स्थळं आली होती मला," काकू परत बसता बसता सुताराला म्हणाल्या. सुताराने समजून मान हलवली.

एक वीसला साडेसहा. काका आता खिडकीशी जात नव्हते, नुसतं लिहीत होते. काकूंच्या मांडीवरची पिशवी पिळून पिळून दोरीसारखी झाली होती. आणि एक पन्नासला काका एकदम ताठ बसले. चेहरा मोकळा.

"गेलं."

"काय गेलं?"

"दुखणं. शून्य." त्यांनी ते लिहिलं, स्वतः वाकून चप्पल घातली. "चल. अर्धी ड्युटी तरी मिळेल."

"नशीबवान आहात," सुतार म्हणाला. "जाताना तुमचं टोकन मला देऊन जा."

काकूंनाही हायसं वाटलं. पिशवी उचलून त्या निघाल्या. दारापर्यंत पोचल्या आणि थांबल्या. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झालेली. रोज जेवताना त्यांनी वजनकाटाच ऐकला होता. भरलेली गाडी काट्यावर उभी आहे आणि आकडा एका झटक्यात शून्यावर आला, तर गाडी हलकी झालेली नसते. खाली काहीतरी तुटलेलं असतं. तेव्हा गाडी हलवायची नाही, आधी मिस्त्रीला बोलवायचं.

"अहो, औषध घेतलंत काही?"

"नाही."

"मग माल कोणी उतरवला?"

"कसला माल?"

"साडेसहा होतं ना? ते कुठे गेलं?"

काकांनी टोकनवरचे आकडे पुन्हा पाहिले. एकतीस वर्षांत त्यांना कोणी आकड्यात पकडलं नव्हतं. "हळूहळू उतरायला पाहिजे होतं," ते पुटपुटले.

"बसा तिथेच. हलायचं नाही."

रांगेतल्या दोघांना बाजूला सारून काकूंनी टोकन पालथं करून सिस्टरपुढे ठेवलं.

"शून्य म्हणजे बरं वाटतंय ना, मावशी?"

"हा माणूस पाव ग्रॅमसुद्धा सोडत नाही. सकाळपासून एकेक पायरी चढला आणि वरून सरळ तळाला आला. हे डॉक्टरांना दाखवा. मी इथेच उभी आहे."

सिस्टरने आकडे वरून खाली वाचले. मग पुन्हा एकदा. या खेपेला तिने बसा म्हटलं नाही, फोन उचलला.

डॉक्टरीणबाई आतून चालत आल्या, काकांच्या पोटावर बोटं टेकवली आणि जाताना धावत गेल्या. अपेंडिक्स फुटलं होतं. फुटल्यावर थोडा वेळ आराम पडतो, त्या म्हणाल्या, आणि नेमकी तेव्हाच माणसं घरी जातात.

स्ट्रेचर निघालं. "दहा सांगून मी सातपासून इथे," सुतार कुणाला तरी सांगत होता, "आणि हे शून्य सांगून आत." पण काकू स्ट्रेचरमागे धावल्या तेव्हा त्यांची खाली पडलेली पिशवी त्यानेच चांगल्या हाताने उचलून दिली. पाटीवर चाळीस मिनिटंच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात टाके घातलेले काका डोळे उघडून पडले होते. तिथली सिस्टर आली. "काका, एक ते दहामध्ये किती?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. "एकूण की निव्वळ?"

"एकूण," काकू म्हणाल्या.

काकांनी चादरीवर बोटाने बेरीज केली. "आठ."

सिस्टरने लिहून घेतलं, इंजेक्शन दिलं, पुढच्या खाटेकडे गेली. ती ऐकत नाही असं पाहून काका हळूच म्हणाले, "अगं, पावणेआठ होतं."

"माहीत आहे," काकू म्हणाल्या. "झोपा आता."