आमच्या हॉलमधलं कॉलेज

माणूस निवृत्त झाला की काहीतरी गंभीर लिहायचं ठरवतो. मीही ठरवलं होतं. विषय होता धातू गंजण्याचा. त्यावरच माझी पीएचडी, त्यावरच आयुष्यभर शिकवलं. पण पुस्तकाचं पहिलं प्रकरण अजून लिहून व्हायचंय आणि किस्से मात्र न बोलावता येऊन बसलेत. त्यातले निम्मे एका मुलीच्या कॉलेजप्रवेशाचे आहेत. मित्रांना सांगतो तेव्हा ते हसतात. मला अजूनही धडधडतं!

मुलगी म्हणजे भाविका. तिची आई यमुनाबाई शिरगावहून पालघरला मासळी विकायला येतात, आमच्या दारावर त्यांची टोपली कित्येक वर्षं उतरते. वडील काशिनाथभाऊ बोटीवर तांडेल. बोट त्यांच्या शब्दावर चालते आणि ते यमुनाबाईंच्या! बारावीनंतर भाविकाला जहाजबांधणी शिकायची होती. खाली कोकणात, रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या कॉलेजात तिचा नंबर लागला. दोन आठवड्यांनंतरच्या सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता.

यमुनाबाईंचं एकच म्हणणं होतं. "जागा बघितल्याबिगर पोरगी पाठवणार नाय."

जाऊन यायचं तर धंदा बुडतो, आणि बोट डागडुजीला काढलेली. मी बोलून गेलो, "कॉलेजच्या वेबसाइटवर सगळा कॅम्पस घरबसल्या हिंडता येतो. आमच्या टीव्हीवर बघू."

बोललो आणि लगेच वाटलं, आपण कशाला पडलो यात?

*

पहिल्या रविवारी तिघं आली. यमुनाबाई लग्नाला निघाल्यासारख्या. ठेवणीतलं लुगडं, केसांत अबोलीचा गजरा. हातात पिशवी, तिच्यात सुके बोंबील.

"हे कशाला?" मी विचारलं.

"कॉलेजात जायचं ते रिकाम्या हातानं? प्रिन्सिपलला."

मी घसा साफ केला. "यमुनाबाई, म्हणजे त्याचं असं आहे, आपण प्रत्यक्ष तिथे..."

"ठाव हाय वो सर! टीवी हाय तो. पण तुमच्या घरात आता कॉलेज भरलंय, मग प्रिन्सिपल कोन? तुमीच ना?"

बायकोने पिशवी त्यांच्या हातातून घेतली. "प्राचार्यांच्या दातांना हे चावणार नाहीत. मी बघते काय करायचं ते!"

*

माउस माझ्या हातात होता, ही पहिली चूक. जमिनीवर बाण दिसतात, बाणावर क्लिक केलं की आपण पुढे सरकतो. सोपं आहे. मी आधी एकट्याने सरावही केला होता. पण चार माणसं मागे बसली की माझा नेम चुकतो. ग्रंथालयात जायला म्हणून क्लिक केलं आणि आम्ही सगळे पुरुषांच्या स्वच्छतागृहात!

बाहेरचा बाण सापडेना. डावीकडे बेसिन, उजवीकडे बेसिन, वर पंखा. पुन्हा बेसिन.

काशिनाथभाऊ अदबीने खिडकीबाहेर बघू लागले. यमुनाबाई मात्र शांत.

"सर, तुमचं सावकाश होऊ द्या. आमी थांबतो."

भाविकाने हळूच माउस काढून घेतला. तो मला परत मिळाला नाही.

*

मग खरी अडचण आली. वर्ग झाले, कार्यशाळा झाली, मैदान झालं. यमुनाबाईंच्या कपाळावर आठी चढत गेली.

"माणसं कुठं हायत?"

खरंच की! अख्ख्या कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. सुटीच्या दिवशी फोटो काढले असणार. मी तसं सांगितलं.

"गाव उठून गेल्यावानी दिसतंय. अशा ठिकानी पोरगी ठेवू?"

भाविका ईर्ष्येने माणूस शोधायला निघाली. गच्ची, वर्कशॉप, सायकल स्टँड. शेवटी फाटकापाशी एक वॉचमन सापडला! आम्ही टाळ्या वाजवायच्याच बेतात होतो. जवळ गेलो तर त्याचा चेहरा धूसर केलेला.

"तोंड कशापायी लपवतोय हा?"

मी वैयक्तिक गोपनीयतेवर बोललो. बराच वेळ बोललो. उदाहरणं दिली.

यमुनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हंजे एकच माणूस हाय, आनि तोपन तोंड दाखवत नाय."

*

पुढच्या खेपेला शेजारचे दुबेजी मदतीला धावले. ते तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत सेफ्टी ऑफिसर. कामगारांच्या प्रशिक्षणासाठी त्यांनी डोळ्यांवर चढवायचा एक चष्मा स्वतः घेतला होता. तो घातला की आपण त्या जागेतच उभे आहोत असं वाटतं. "सर जी, इसमें कॉलेज ऐसा दिखेगा कि घर भूल जाओगे!"

यमुनाबाईंनी गजरा विस्कटेल म्हणून नकार दिला. काशिनाथभाऊ चष्मा चढवून बसले. वादळात बोट आणलेला माणूस. किनाऱ्यावर त्यांचं नाव आदराने घेतात.

कार्यशाळा बघितली, खूश झाले. "लाकूड बरा वापरतात." मग भाविकाने त्यांना हॉस्टेलचा गोल जिना चढवला. पहिला मजला. दुसरा मजला. भाऊंनी सोफ्याचा हात धरला. तिसऱ्या मजल्यावर चष्मा उतरवून थेट आमच्या मोरीकडे!

दुबेजी घाबरले. "भाऊ, आप तो समुंदर के आदमी हो!"

मोरीतून क्षीण आवाज आला, "समुद्राला जिना नसतो!"

*

वेबसाइटच्या कोपऱ्यात एक चौकट उघडायची. 'नमस्कार! तुमचा प्रश्न विचारा.' यमुनाबाई म्हणाल्या, "इचार भाविका. रातचा ताप चढला तर पोरीकडं उठून कोन येनार?"

भाविकाने टाइप केलं. उत्तर तत्काळ आलं. 'ग्रंथालय सकाळी उघडते. आणखी काही मदत हवी आहे का?'

या वेळी कोणी हसलं नाही. भाविका पडद्याकडे बघत राहिली. यमुनाबाईंनी पदराने टीपॉयवरचा नसलेला ओलावा पुसला.

त्या गेल्यावर मी बायकोला म्हटलं, "मी हे सुरू करायला नको होतं. नाही पाठवलं तर पोरीचं नुकसान. पाठवलं आणि तिथे काही झालं तर?"

"तुम्ही गंजावर शिकवलंत ना आयुष्यभर?" बायको म्हणाली. "नुसतं ठेवून दिलं तर काय होतं ते तुम्हीच सांगा!"

झोप लागली नाही ती नाहीच.

*

मुदतीच्या आदल्या दिवशी, रविवारी, कॉलेजने थेट व्हिडिओवर कॅम्पस दाखवायचं ठेवलं होतं. एक विद्यार्थी हातात मोबाइल घेऊन फिरणार आणि आपण प्रश्न विचारायचे. हा शेवटचा मोका. मी यमुनाबाईंना विनवलं, "जरा जपून बोला. पोरीच्या प्रवेशाचा प्रश्न आहे."

"मी कवा वाकडं बोलते?"

मुलगा गोड होता. "हे आपलं ग्रंथालय, काकू..."

"ते बघितलंय. रांधायची जागा दाखव."

मुलगा बिचारा मेसच्या स्वयंपाकघरात गेला. तिथे एक धिप्पाड बाई विळीवर बसून बांगडे साफ करत होती. यमुनाबाई टीव्हीला नाक लावून बसल्या.

"ए बाय! कल्ले काले पडलेत त्याचे. शिला माल घालता पोरांना?"

ती बाई विळीवरून उठली. "कोण गो ती? डोळे फुटले काय तुझे? आज सकाळी बंदरार जावन घेतलंय!"

"कुठल्या सकाली? परवाच्या?"

"हय येवन बघ!" तिने बांगड्याचं डोकं मोबाइलवर दाबलं. आमच्या टीव्हीभर लालभडक कल्ले! "बघ, बघ! माझ्या पोरांका शिळा घालीन मी? जीव गेलो तरी घालूचंय नाय!"

"तोंड सांबाळून बोल!"

"तू सांभाळ! हय येवन माका शिकवतली मोठी!"

"काकू, प्लीज... मावशी, प्लीज..." मुलगा रडकुंडीला आला. मोबाइल हलला, छत दिसलं, कोणाची तरी चप्पल दिसली, आणि फोन बंद.

संपलं! उद्या मुदत, आणि आज आईने मेसवालीशी भांडण काढलेलं. मी खुर्चीत खचलो. भाविकाचे डोळे भरून आले. काशिनाथभाऊ आपल्या तळव्यांकडे बघत बसले.

यमुनाबाई उठल्या, पदर कमरेला खोचला, केसांतला गजरा चाचपला.

"अवो, बसलाव काय? उठा! रातची पोरीकडं उठून येनारी बाय गावली. पोरीला हॉस्टेलात न्यायला गादी घ्यायची हाय, दुकानं बंद होतील!"