पाचव्या महिन्यातली लाकडं

त्या दिवशी मी फर्स्ट शिफ्टला होते. आमच्या कंपनीत कामाच्या जागी मोबाइल चालत नाही, लॉकरमध्ये ठेवावा लागतो. म्हणून नवऱ्याचे आठ मिस्ड कॉल मला चहाच्या सुट्टीतच दिसले, आणि त्यांच्या खाली एक ओळ, 'आई गेली, घरी ये.' चाकणहून निघोज्याला यायला असा कितीसा वेळ लागतो! पण कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या रिक्षात बसून मला एकच आठवत होतं, की सकाळी मी निघाले तेव्हा सासूबाई बंबापाशी बसून त्यात ढलप्या घालत होत्या आणि मी घाईत 'येते' सुद्धा नीट म्हटलं नव्हतं. घरी पोचले तर अंगण माणसांनी भरलेलं. बंबाशेजारच्या पाटावर, भिंतीला टेकून बसल्या-बसल्याच गेल्या होत्या. बंब अजून गरम होता... कुणीतरी म्हणालं, अशा वेळी अंगणात वेगळं पाणी तापवायचं असतं, हे चालायचं नाही. मी एरवी चार माणसांत तोंड उघडत नाही, त्या दिवशी उघडलं. म्हटलं, हे पाणी त्यांनी स्वतःच्या हातानं तापवलंय, त्यांची आंघोळ ह्याच पाण्यानं होईल. आणि बादली तोटीखाली लावली.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणत आले. मी काळेवाडीतली. वडील कंपनीत कारकून, दोन खोल्यांचं घर, बाथरूममध्ये गीझर. लग्न होऊन निघोज्याला आले तेव्हा ह्यांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेलेली होती, त्या पैशात सिमेंटचं दुमजली घर उठलं होतं, दारात चारचाकी होती, वर सोलरसुद्धा बसवलेला होता. आणि मागच्या अंगणात हा तांब्याचा बंब! सोलरच्या पाण्यानं अंगाला ऊब येत नाही, असं आत्यांचं स्पष्ट मत होतं. लग्नानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी, सुनेनं काही करून दाखवावं म्हणून मी त्यांच्या आधी उठले आणि मोठ्या उत्साहानं बंब पेटवला. फक्त त्यात पाणी भरायचं असतं, हे विसरले. थोड्या वेळानं बुडाच्या सांध्याचा डाग वितळून सुटला, तोटी निखळून खाली पडली, आणि आत्या पदर खोचत बाहेर आल्या. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. त्यांनी बंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, शिकलेली हायस न्हवं? मग जे हसत सुटल्या ते थांबेचनात. पुढं कितीतरी वर्षं पाहुण्यांना चहाबरोबर ही गोष्ट मिळायची.

लाकडं त्या स्वतः फोडायच्या. सासरे लवकर गेले, दोन मुलगे लहान, तेव्हा हातात घेतलेली कुऱ्हाड त्यांनी कधी कुणाला दिलीच नाही. माझा नवरा, महेश, कंपनीतून पॅकिंगच्या खोक्यांचं लाकूड टेम्पोत घालून आणायचा. पांढरं, हलकं, हातानंही मोडेल असं. आत्या ते बंबाला वापरायच्या, पण तोंड वाकडं करून. म्हणायच्या, लाकूड कसलं, कागुद हाय नुसता, भडकतंय आन् इझतंय. त्यांना हवी असायची बाभूळ, कारण तिचा निखारा टिकतो. शेताच्या बांधावर उरलेल्या बाभळी रस्ता रुंद होताना पडल्या, तेव्हा आत्या जेसीबीवाल्याच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि बुंधे घरी टाकून घेतले. फोडायला बसल्या की आधी ओंडका उभा करून त्याच्या तोंडावरची चीर शोधायच्या. बोटानं चाचपून बघायच्या, ओंडका फिरवायच्या, आणि मग बरोबर तिथंच घाव. मी कंपनीत दिवसभर तेच करते, फक्त उलटं. पार्टवर केसाएवढी चीर दिसली की मी तो बाजूला काढते, बाद करते. आत्यांना चीर सापडली की त्या खूश. हे मी त्यांना एकदा सांगितलं तर म्हणाल्या, मंग तुमचं काम वंगाळ हाय.

आमच्या घरात, म्हणजे आत्यांच्या राज्यात, एक रीत होती. घरातल्या नाहीतर भावकीतल्या बाईला पाचवा महिना लागला की आत्या बाळंतपणाची लाकडं फोडायला घ्यायच्या. रोजची वेगळी, ही वेगळी. बाभळीची, वीतभर लांबीची, मनगटाएवढी. चार महिने उन्हात वाळली की मग बाळ-बाळंतिणीच्या पाण्याला आणि शेगडीला सव्वा महिना पुरायची. भर दुपारी आमच्या अंगणातून कुऱ्हाडीचा आवाज आला की गल्लीला कळायचं. शेजारच्या भागूकाकू कंपाउंडच्या भिंतीशी येऊन हळूच विचारायच्या, कितवा? पेढे वगैरे नंतर, बातमी आधी कुऱ्हाडीनं फुटायची.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ती माझ्यासाठी चालली. मी गॅलरीत उभी राहून बघायची. पूर्वेच्या भिंतीला, उन्हाच्या तोंडाला, आत्या एकावर एक ढलप्या रचत होत्या. रास माझ्या कमरेपर्यंत आली आणि सहाव्या महिन्यात माझं बाळ गेलं. पोटातच... दवाखान्यातून पाचव्या दिवशी घरी आले. रिक्षातून उतरताना पहिली नजर त्या भिंतीकडे गेली. भिंत मोकळी होती. झाडून-बिडून स्वच्छ. आणि बंब धडधडून पेटलेला.

मी काही बोलले नाही. पण ते मनात असं रुतून बसलं, की काय सांगू! माझ्या बाळाची लाकडं ह्या बाईनं रोजच्या आंघोळीला जाळली. चार दिवस थांबवेना? त्यानंतर मला दिवस राहिलेच नाहीत. धाकट्या दिराचं लग्न झालं, घरात माणसं वाढली, सणवार झाले, डॉक्टर झाले, देव झाले. आत्या मला कधी वावगं बोलल्या नाहीत, पण चांगलंही काही बोलल्या नाहीत, आणि मी त्यांच्या त्या गप्प राहण्याचा अर्थ माझ्या सोयीनं लावत गेले. मी त्यांच्याशी वाईट वागले नाही. कोरडी वागले. जेवायला वाढायचं, औषधं द्यायची, विचारलं तेवढं बोलायचं. सहा वर्षं हे असं चाललं. आज ती सहा वर्षं मला परत हवी आहेत.

मग मी आणि महेशनं मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. आत्यांना सांगायला महेशच गेला, मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच विचारलं, कवा येनार? हो नाही, बरं नाही, वाईट नाही. भावकीतल्या एकानं रक्ताबिक्ताचा विषय काढला, तेव्हाही त्या उठून आत गेल्या. माझा जीव टांगणीला लागला होता. कागदावर मी आई होणार होते, त्यात शंका नव्हती. ह्या घरात होणार होते की नाही, तेच कळत नव्हतं. मूल रडलं तर ह्या उचलतील का? की माझ्या लेकरालाही माझ्यासारखंच कोरडं वागवतील?

कागदपत्रं व्हायला बराच काळ गेला, आणि एका सकाळी आम्ही आठ महिन्यांच्या स्वराला घेऊन दारात उतरलो. आत्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, पोरीला माझ्याकडून काढून घेतलं आणि महेशला म्हणाल्या, शिडी लाव. गोठ्यात आता गुरं नाहीत, जुन्या मोटारसायकली आहेत, पण वर फळ्यांचा माळा अजून आहे. महेश वर चढला आणि पोत्याखालून एकेक करून खाली देऊ लागला. वीतभर लांबीची, मनगटाएवढी, काळपट पडलेली बाभूळ. एकही जळालेली नव्हती. 

"तवा तुझ्या डोळ्याफुडं नगं म्हनून हालवली," आत्या म्हणाल्या. "जाळन कशी? तुझी हायेत ती."

मी रडत होते, आणि रडताना जे इतकी वर्षं गिळलं ते सगळं बोलून टाकलं, की मला वाटलं होतं तुम्ही जाळलीत. त्यांनी ऐकलं. पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाल्या, इचारायचं हुतं. बास, एवढंच. रागही नाही, रुसवाही नाही. आणि माझं पुरतं रडूनही झालं नव्हतं तोवर खोलीत बाज टाकून झाली होती. शेगडी त्यांनी अंगणातच फुलवली, धूर सगळा जाऊ दिला आणि निखारे राखेनं झाकून आत आणले. खिडक्या उघड्या, कारण डॉक्टरांनी धुराला बजावून ठेवलं होतं आणि आत्या डॉक्टरांचं निम्मं तरी ऐकायच्या. पोरीला तेल लावून न्हाऊ घातलं. मग मला म्हणाल्या, तू पड. मला हसू की रडू कळेना. म्हटलं, आत्या, मी कुठं बाळंत झालेय?

"मंग हे प्वार काय वाऱ्यावर आलं? पड गप."

मी पडले. पाठीला ती ऊब लागत होती, शेजारी स्वरा झोपली होती, आणि आत्या ओव्याची पुरचुंडी गरम करून माझी कंबर शेकत होत्या. सव्वा महिना. एक दिवस चुकला नाही. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, नातलग बाळंतविडा घेऊन आले. भावकीतला तो रक्तवाला माणूसही आला, आणि बाजेवर मला बघून मोठ्यानं 'हे काय?' म्हणाला. आत्या त्याला म्हणाल्या, बाळंतीन निजलीय, हळू बोला.

त्यानंतर मी त्यांच्याकडून लाकूड फोडायला शिकले. म्हणजे त्यांनी शिकवलं, मी फारशी शिकले नाही. माझी कुऱ्हाड चिरीत कमी आणि आजूबाजूला जास्त पडायची. गाठ आली की मी ईर्षेनं तिच्यावरच घाव घालायची आणि पातं अडकवून बसायची. त्या ओंडका उलटा करून द्यायच्या, म्हणायच्या, ह्या अंगानं बघ. दर रविवारी आमच्या दोघींचा हा उद्योग चालायचा आणि तेवढ्या वेळात जगातल्या सगळ्या गप्पा व्हायच्या. कोरड्या गेलेल्या सहा वर्षांची कसर आम्ही पुढच्या आठ वर्षांत पुरेपूर भरून काढली.

त्यांना जाऊन आता दीड महिना झाला. बंब मीच पेटवते, आधी पाणी भरून. गेल्या रविवारी धाकटी जाऊ स्वयंपाकघरात माझ्यामागं येऊन उभी राहिली. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर आता कुठं तिला दिवस गेलेत. आधी भीतीनं आणि मग घर दुःखात होतं म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगताना आनंद कमी आणि घाबरणंच जास्त. म्हणाली, वहिनी, आत्या असत्या तर...  मी गॅस बंद केला, मागच्या अंगणात गेले, आत्यांच्या पाटामागची कुऱ्हाड काढली. बाभळीचा एक बुंधा त्यांनीच आणून ठेवलेला होता. ओंडका उभा केला, बोटानं चीर चाचपली. पहिला घाव हुकला. दुसराही. तिसऱ्याला लाकूड कडकन उलगडलं आणि आत लालसर, ताजं निघालं. वर गॅलरीत जाऊ आणि स्वरा येऊन उभ्या राहिल्या होत्या.

भिंतीपलीकडं पावलं वाजली. भागूकाकू. डोळे भरून आलेले होते, पण त्यांनी आत्यांचं नाव काढलं नाही. हळूच विचारलं, "कितवा?"

"पाचवा," मी म्हटलं.

"मंग बारीक फोड की जरा. शेगडीला येवढी मोठी चालत न्हाईत."

मी बारीक फोडली. माळ्यावर नेऊन झाकून ठेवावीत, असं एकदा मनात आलंच. पण नाही ठेवली. पूर्वेच्या भिंतीला, उन्हाच्या तोंडाला, सगळ्यांना दिसतील अशी रचली.