पुण्याचा सापळा, वडनेरचा सापळा

बुलढाण्याच्या आमच्या कॉलेजात स्टाफरूममध्ये चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "मॅडम, तुमचा तो सापळा सांगा ना!" सांगता सांगता एकाचे किती किस्से झाले, मलाच माहीत नाही. पण एकही रचलेला नाही. आमचे बाबा आहेत तोवर मला रचायची गरजच नाही!

*

पीएचडीला मी पुण्यात होते. बारक्या चिपवरच्या तारांमधून करंट सोडायचा आणि त्याच्या चुंबकी क्षेत्रात अतिथंड अणू पकडायचे, हे माझं काम. गावी, वडनेर भोलजीला, फोनवर बाबांना म्हटलं, "मी अणूंसाठी सापळा लावतेय."

बाबा खूश! गुलाबी बोंडअळी बीटी कपाशीलाही जुमानेना, तेव्हापासून त्यांनीही वावरात सापळे टांगले होते. मादीच्या वासाची गोळी आत ठेवायची, त्या अळीचे नर पतंग भुलून येतात, अडकतात. रोज सकाळी मोजायचे; जितके कमी, तितकी कपाशी सुखरूप.

"म्हंजे आपला दोघायचा एकच धंदा हाये!"

*

मग रोज सकाळी फोन.

"माह्या सापळ्यात आज काईच नाई. तुह्या?"

"माझाही रिकामाच."

"झकास!"

मला रडू यायचं. चार महिने असेच गेले. शेवटी माझे गाईड सर म्हणाले, दिवाळीपर्यंत अणू दिसले नाहीत तर विषय बदलू. हे बाबांना सांगितलं आणि त्यांचं 'झकास' बंद झालं. हळूच विचारायचे, "एखांदा तरी?"

*

एकदा बाबा लॅब बघायलाच आले. काचेतून बराच वेळ आत बघत राहिले. माझा सीनियर म्हणाला, "काका, आत निर्वात आहे. हवासुद्धा नाही."

"हवाच नाई, तं मंग वास कसा पोचंन त्यायले?" बाबा माझ्याकडे वळले. "म्हणूनच येऊन नाई राह्यले ना!"

आख्खी लॅब हसली. बाबा मात्र गंभीर होते.

*

गावी जाऊन त्यांनी बी-बियाण्यांच्या दुकानातल्या सलीमचाचांना सगळं सांगितलं. चाचांचा फोन आला.

"बेटा, गोळी कधी बदलली?"

"चाचा, आमच्यात गोळी नसते."

"अणू कुठून तं निंगत असतीन ना? थेच सरलं असंन!"

हे मी चहाच्या वेळी जोक म्हणून सांगितलं. सर हसले नाहीत. कप ठेवून उठले. आमचे रुबिडियमचे अणू एका तापवलेल्या पट्टीतून निघतात, आणि त्या पट्टीतलं रुबिडियमच संपलं होतं! आम्ही आपले चार महिने लेझर तपासत बसलो होतो. नवी पट्टी घालून पुन्हा निर्वात करण्यात तीन आठवडे गेले.

*

दिवाळीला आठ दिवस उरले होते. सकाळी स्क्रीनवर इवलासा पांढरा ठिपका दिसला. करंट बदलला, ठिपका सरकला! अणू चिपवरून चालले होते. मी हातातलं सगळं टाकून फोन लावला. बाबा वावरात होते.

"बाबा, पडले! लाखो पडले!"

बाबा फोन कानाला तसाच ठेवून ओरडले, "पडले हो! सापळ्यात लाखो पडले!"

कोणीतरी धावत आलं. शेजारच्या वावरातले गजाननकाका. पाठीवरचा फवारणीचा पंप खडखडताना मला ऐकू येत होता.

"कोणाच्या वावरात, भाऊ?"

"पुण्यात!"

काका घाबऱ्या आवाजात म्हणाले, "तिथून इकडं यायले किती दिवस लागतीन?"